वळचणीबाहेर

ओडिलिया जागी असली की मी तिला खांद्यावर घेऊन खिडकीपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून खिडकीपर्यंत फिरत असते. ती झोपली की तेच पाय रिकामे फिरत राहतात. सासूबाई म्हणतात, "अगं बिला, खाणीतलं घोडंसुद्धा रविवारी एका जागी उभं राहतं. टेक की जरा." टेकते. मग पाळण्यात नुसतं खुट्ट झालं की पुन्हा उठते. हे लिहितानाही तसंच चाललंय. दोन ओळी होतात न होतात तोच तिची मूठ पांघरुणाबाहेर येते.

आमच्या खिडकीसमोर चौक, आणि चौकापलीकडे नवं चर्च. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तिथे जुनं होतं, मनोऱ्याचं. आमच्या होल्टेराट गावाखाली सगळी कोळशाची खाण. जमीन आतून पोखरलेली, ती हळूहळू खचत गेली. चर्चच्या भिंतीला आधी केसाएवढी भेग पडली, मग तिच्यात बोट जायला लागलं, आणि एके दिवशी प्रवचन चालू असताना भेगेतून आकाश दिसलं तेव्हा दाराला कुलूप लागलं. तेव्हापासून रविवारची मिस्सा क्विरिनच्या खानावळीमागच्या नाचाच्या हॉलमध्ये. छताला कार्निव्हलच्या कागदी माळा तशाच, आणि धुपाच्या वासाखाली सांडलेल्या बिअरचा वास. थोडक्यात काय, होल्टेराटच्या माणसाला भेग दाखवू नये. त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

नव्या चर्चचं वेड आमच्या फादर लाम्बर्ट्झ यांचं. तरुण माणूस. त्यांनी शहरातून फ्लेकेन नावाचे आर्किटेक्ट आणले. दोघांचं एकच म्हणणं : खांब नकोत. खांबामागे दडून कोणी जपमाळ ओढत बसू नये, सगळ्यांना वेदी दिसावी, सगळे एकाच छताखाली यावेत. म्हणून एकच कमान, जमिनीतून वर उठून पलीकडे पुन्हा जमिनीत जाणारी, सगळी सिमेंटची. रंग नाही, कोनाडे नाहीत, कोनाड्यांतले संत नाहीत. पुढून काचेची पाच दारं, पाचही सारखी. "रस्त्यापासून वेदीपर्यंत एकच जमीन असेल," फादरांनी हॉलमध्ये सांगितलं होतं. "मध्ये पायरी नाही, उंबरठा नाही."

गावाने आपापल्या परीने नावं ठेवली. क्विरिन म्हणायचा, "विमानाची शेड आहे. बिशप उडत येणार बहुतेक." बेकरीच्या नेट्टाबाई म्हणायच्या, "देवाचं बटाट्याचं तळघर, नुसतं उपडं घातलेलं." सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्याला वळचण नाही." आणि मग दोन-तीन दिवस त्यावर काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या मनाला ते फार लागलं असावं.

माझा नवरा डोरेस तिथे सेंट्रिंगचा मुकादम. आधी तो खाणीत लाकडी टेकू बसवायचा, त्याच्या वडिलांसारखा. फ्लेकेनसाहेबांनी त्याचं काम पाहिलं आणि त्याला वर काढलं. ब्राखवायलरला असंच आणखी एक चर्च व्हायचंय, तिथेही त्यालाच नेणार असं म्हणत होते. डोरेस खाणीतून वर आला त्या संध्याकाळी मी किसलेल्या बटाट्याची धिरडी केली होती, बीटाच्या काकवीबरोबर. तो खाता खाता सारखा खिडकीबाहेर बघत होता. दिवसाउजेडी घरी जेवायची त्याला सवयच नव्हती.

"आधी लाकडाचं आख्खं चर्च बांधायचं," तो मला सांगायचा. "मग त्याच्यावर सिमेंटचं. मग लाकडाचं काढून घ्यायचं. बघायला येणाऱ्याला पहिलं कधी दिसतच नाही." पण ते अगदीच दिसत नाही असं नाही. ओलं सिमेंट फळीची नक्कल करतं. आज त्या कमानीखाली उभं राहिलं तर लाकडाच्या रेघा दिसतात, गाठी दिसतात, आणि डोरेस सांगू शकतो की ही गाठ कुठल्या फळीची.

शेवटचं सिमेंट पडत होतं तेव्हा ओडिलिया झाली. आणि माझं वळचणीच्या आतलं आयुष्य सुरू झालं.

आमच्याकडे बाळंतिणीला देवळात घेईपर्यंत तिने घराच्या वळचणीबाहेर पाऊल टाकायचं नाही. ती विहिरीवर गेली तर विहीर आटते, शेतावरून गेली तर गारा पडतात, परक्या छताखाली गेली तर त्या छताचं काही खरं नाही. मग एके दिवशी ती पेटती मेणबत्ती घेऊन देवळाच्या उंबरठ्यावर गुडघे टेकते, फादर आतून येतात, आपल्या खांद्यावरच्या पट्ट्याचं टोक तिच्या हातात देतात आणि तिला आत नेतात. झालं. मग ती पुन्हा सगळ्यांसारखी. ओडिलियाच्या बाप्तिस्म्यालाही मी नव्हते. सुईणबाई तिला पांढऱ्या शालीत घेऊन चौक ओलांडून हॉलकडे गेल्या, आणि मी खिडकीत उभी राहून ती शाल परत येईपर्यंत पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

पण मला घ्यायचं कुठल्या देवळात? जुनं तर पाडून टाकलेलं. "नाचाच्या हॉलमध्ये?" सासूबाई म्हणाल्या. "का, ही काय नाचायला चाललीय?" तेव्हा नवं उभं राहीपर्यंत थांबायचं ठरलं. आठवडे गेले. अंगातली ताकद परत आली आणि पाय तर नुसते शिवशिवायला लागले. बिशप चर्च पवित्र करायला येणार तो रविवार ठरला होता. डोरेसने उभारलेल्या कमानीखाली त्या दिवशी मी असायला हवी होते, आणि त्यासाठी त्याआधी मला देवळात घेतलेलं असायला हवं होतं. मला दुसरं काही नको होतं.

सेंट्रिंग काढायच्या दिवशी चौकात कोणाला उभं राहू दिलं नाही. आत टेकूंचं रान, प्रत्येक टेकूखाली पाचर. मधल्या ओळीपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना सरकायचं, प्रत्येक पाचरीवर हलका ठोका, म्हणजे वरचं ओझं एकदम न सुटता थोडं थोडं कमानीवर येतं. "लाकूड मोडायच्या आधी बोलतं," डोरेस सकाळी बूट बांधताना म्हणाला. "खाणीत त्याच्यावरच जगलो. सिमेंट बोलत नाही, तीच पंचाईत आहे." मी म्हटलं, "मग कळणार कसं?" तो म्हणाला, "ठोके चालू आहेत तोवर सगळं ठीक आहे असं समज."

मी तसंच समजले. ओडिलियाला घेऊन खिडकीशी उभी राहिले. टक्. टक्. तिलाही तो आवाज आवडला असावा, रडायची थांबली. सासूबाई शहाजिऱ्याचा काढा गाळत होत्या. दुपार कलली, आणि ठोके थांबले.

मी वाट पाहिली. ओरडणं नाही, हसणं नाही, बाहेर येणारं माणूस नाही. आख्ख्या चौकात आवाज म्हणून नाही. सासूबाईंचा हात गाळणीवर तसाच थांबला होता. त्यांच्या नवऱ्याला खाणीने घेतलं होतं. थांबलेला आवाज म्हणजे काय ते त्यांना शिकवायला नको. त्या काही बोलण्याच्या आत मी बाहेर होते. वळचण, गटार, चौक. ओडिलिया छातीशी, डोक्यावर रुमालसुद्धा नाही. एका दारावर अजून काच बसली नव्हती, त्यातून आत शिरले.

आत सगळे पुरुष टोप्या हातात घेऊन उभे होते. फ्लेकेनसाहेब शिडीवर होते, आणि त्यांचा हात मनगटापर्यंत फळी आणि सिमेंट यांच्या मधल्या फटीत गेलेला होता. लाकूड सुटलं होतं. कमान आपली आपण उभी होती. कोणाला बोलायचं सुचत नव्हतं, एवढंच होतं ते.

डोरेसने मला पाहिलं. तो रागावला नाही. तो आला, त्याने आपला धुळीचा हात विजारीला पुसला आणि ओडिलियाच्या डोक्यावर ठेवला. "बघ," तो तिला म्हणाला. "बापाने काही धरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी भेग दिसली.

बायका बसणार होत्या त्या बाजूला, वरच्या उभ्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी खाली आलेली, पेन्सिलीने ओढल्यासारखी. झाडू मारायला गेलेल्या नेट्टाबाईंनी पाहिली. संध्याकाळपर्यंत गावात असं एक घर नव्हतं जिथे ती भेग पोचली नव्हती, आणि प्रत्येक घरात ती थोडी थोडी रुंद होत गेली. शहरातून इंजिनीयर आला. त्याने भेगेवर आडव्या, प्लॅस्टरच्या पातळ पट्ट्या ओढल्या. भेग हलत असेल तर पट्टी तडकेल. नाही तडकली तर ती नुसती सिमेंट वाळल्याची रेघ. पट्टी तडकली तर पुन्हा टेकू लावायचे आणि बिशपला कळवायचं की येऊ नका. तोवर वाट पाहायची, एवढं सांगून तो दुपारच्या गाडीने गेला.

वाट पाहणं गावाला जमत नाही. त्यापेक्षा कारण शोधणं सोपं. आणि कारणं दोनच होती. एक म्हणजे पाचरी काढण्यात काहीतरी चुकलं. दुसरं म्हणजे देवळात न घेतलेली बाळंतीण छताखालून चालत गेली.

रोज डोरेस घरात शिरला की मी विचारायची, "पट्टी?" तो म्हणायचा, "आहे." मग जेवायला बसायचा. एवढंच आमचं बोलणं. मी ओडिलियाला न्हाऊ घालायची तेव्हा तिच्या टाळूवर बोट ठेवायची. तिथे हाड नाही, कातडीखाली काहीतरी धडधडत असतं, आणि ते वर-खाली होताना मी बघत राहायची. सुईणबाईंना विचारलं तर त्या हसल्या. "डोक्याची हाडं सुटी असतात म्हणून तर ती बाहेर आली, पोरी. एकसंध असती तर दोघीही अडकला असतात. जुळतं हळूहळू. तू रोज बोट घालून तपासू नकोस म्हणजे झालं."

मी तरी तपासायचीच.

नेट्टाबाई शुक्रवारी पाव घेऊन आल्या. त्यांना घरात यायचं नव्हतं, पण सांगायचं तर होतं, म्हणून दारातच उभ्या राहिल्या. "माझ्या मनात काही नाही हं बिला. पण तूच विचार कर. जुन्या देवळाला किती वर्षं लागली भेग पडायला. ह्याला एक रात्र."

"खाली खाण आहे, नेट्टाबाई."

"खाण काय कालच आली? आणि आम्ही कुठे म्हणतोय, तुझा डोरेसच म्हणाला."

"काय म्हणाला?"

"क्विरिनकडे सगळे बसले होते. क्विरिन म्हणाला, 'डोरेस, पाचर चुकली की बायको चुकली?' तर डोरेस हसून म्हणाला, 'बायकोला काय सांगणार, तिचे पाय ऐकतात का कोणाचं.'" त्यांनी पावाची पिशवी माझ्या हातात दिली. "सगळे हसले. चांगला हसरा मुलगा आहे हो."

पाव अजून गरम होता. तो मी टेबलावर ठेवला तसा दिवसभर तिथेच राहिला.

डोरेस आला, पण मी पट्टीचं विचारलं नाही. तो कोट काढता काढता थांबला. मी म्हटलं, "माझे पाय कोणाचं ऐकत नाहीत म्हणे."

त्याला कळलं. तो खुर्चीवर बसला. "मी नुसता हसलो, बिला. सगळे हसत होते."

"मग तू हसायचं नव्हतंस."

"आणि काय म्हणायचं होतं? पाचर चुकली म्हणू? फ्लेकेनसाहेबांच्या कानावर गेलं की ब्राखवायलर गेलं. मी परत खाली. तुला चालेल?"

"पाचर चुकली का पण?"

त्याने आपल्या तळहाताकडे पाहिलं. "माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. शेवटच्या ओळीला आम्ही जरा घाई केली. मधलं सगळं नीट सुटलं होतं, पोरांना चेव आला होता, मलाही. जरा जोरात बसले ठोके. पण त्यानेच भेग पडली असं काही म्हणता येत नाही. सिमेंट वाळतं, आकसतं. इंजिनीयरच म्हणाला."

"आणि मी आले तेव्हा?"

"तेव्हा सगळ्या पाचरी निघाल्या होत्या."

"हे तू क्विरिनकडे सांगितलं नाहीस."

"बिला, पाचरींवर गेलं तर माझं काम जातं. तुझ्यावर गेलं तर तुझं कोण काय काढून घेणार आहे?"

ओडिलिया उठली होती. मी तिला घेतलं आणि चालायला लागले. काय सांगणार त्याला? की उद्या फादर मला देवळात घ्यायला तयार आहेत, पण माझ्याबरोबर यायला सुईणबाई तयार नाहीत, शेजारीण तयार नाही. बाळंतिणीबरोबर एक बाई लागते आणि गावात ती मिळत नाही. की रविवारी सगळं गाव त्याच्या कमानीखाली जाईल आणि मी पडद्याची दोरी गुंडाळत बसेन. आणि पुढे कधी कोणाच्या घरात शिरले की तिथली बाई आधी वर छताकडे बघेल.

स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. त्या सगळं ऐकत होत्या. ह्या घरात न ऐकता राहायला जागा नाही. त्या आपल्या पेटीशी वाकल्या, तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, त्या पावाच्या शेजारी. छतावरच्या दगडी कौलाचा तुकडा होता, काळा, एका कडेला खिळ्याचं भोक.

"चूक तुझीच आहे," त्या मला म्हणाल्या.

"आई, तुम्हीपण?"

"जाण्याची नाही गं. तशीच गेलीस ही चूक. डोक्यावर घरचं कौल घ्यायचं, वरून रुमाल बांधायचा. मग कुठेही जा, आपल्याच वळचणीखाली असतेस. तुझ्या आईने शिकवलं नाही?" त्या डोरेसकडे वळल्या. "हा पाळण्यात होता तेव्हा खाणीचा भोंगा झाला. ह्याला कडेवर मारलं, हे डोक्यावर घेतलं आणि खाणीच्या तोंडापर्यंत पळत गेले. सगळ्या बायका तिथे. एकीनेही विचारलं नाही हिला देवळात घेतलीय की नाही. आता बेकरीत बसून विचारतात."

मी त्या तुकड्यावरून बोट फिरवलं. गार होता.

"उद्या सकाळी मी नेट्टाकडे जाते," सासूबाई म्हणाल्या. "सांगते, माझ्या सुनेच्या डोक्यावर कौल होतं, मीच बांधलं होतं. मिटलं. आणि तुझ्याबरोबर देवळात मी येते."

"मग सगळं पाचरींवर जाईल, आई."

"जाऊ दे. पाचरी काय मी काढल्या?"

डोरेस आपल्या आईकडे बघत होता. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. पाव कापायला घेतला होता त्यांनी. "आपल्या बायकोला पुढे करून मागे उभा राहिलेला माणूस मी ह्या घरात पाहिला नव्हता," त्या पावाला म्हणाल्या. "तुझा बाप मेला, पण कोणाच्या मागे नाही मेला."

"आई, कौलाचं खोटं बोलू नका," मी म्हटलं. "नव्हतं ते डोक्यावर. मी तशीच गेले. पुन्हा ठोके थांबले तर पुन्हा तशीच जाईन."

डोरेसने कोट पुन्हा अंगात घातला आणि बाहेर पडला. मला वाटलं, क्विरिनकडे गेला. त्या संध्याकाळी पट्टीचं काही कळलं नाही.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी मला काळा झगा घालायला लावला, माझ्या हातात मेणबत्ती दिली, ओडिलियाला आपल्या शालीत घेतलं. कौल त्यांनी नेलं नाही. डोरेस पहाटेच कामावर गेला होता. आम्ही वळचणीबाहेर पडलो. ह्या वेळी मी चालत गेले, आणि चालत गेल्यामुळे सगळा चौक दिसला. दुसऱ्या दिवशीची तयारी चालू होती. बायका दारांच्या काचा पुसत होत्या, क्विरिन हातगाडीवरून बाकं उतरवत होता, आणि नेट्टाबाई बादली घेऊन उभ्या होत्या. आम्हाला बघून सगळ्यांचे हात थांबले.

फादर लाम्बर्ट्झ पांढरा झगा घालून बाहेर आले आणि पाच दारांसमोर येऊन थबकले. त्यांनी हातातलं पुस्तक पाहिलं, मग जमीन पाहिली. चौकाची फरशी आत गेली होती, आतली बाहेर आली होती, मध्ये काहीच नव्हतं.

"पुस्तकात म्हटलंय की ती उंबरठ्यावर गुडघे टेकते," ते हळूच म्हणाले.

"तुम्हीच नको म्हणालात ना उंबरठा," सासूबाई म्हणाल्या.

"हो. पण तेव्हा हे लक्षात नाही आलं." फादरांचे कान लाल झाले. "इथे टेका. किंवा जरा पुढे. खरं म्हणजे कुठेही चालेल, तोच तर ह्या जागेचा अर्थ आहे..."

"कुठेही कसं चालेल? बाहेर कुठे संपतं आणि आत कुठे सुरू होतं ते तरी कळायला हवं की नको?"

माझी मेणबत्ती वाऱ्याने विझली. काचा पुसणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी चुकचुकलं. मी ती विझलेली मेणबत्ती धरून उभी होते, आणि खरं सांगते, परत फिरायला माझे पाय उचलले होते. तेवढ्यात चर्चच्या मागून डोरेस आला. त्याच्या खांद्यावर फळी होती. सेंट्रिंगचीच, एका अंगाला सिमेंट लागून राखाडी झालेली, मध्ये मोठी गाठ. त्याने ती मधल्या दारासमोर आडवी ठेवली, पायाने सरळ केली, आणि वाकून एका बाजूला लाकडाची चीप सरकवली, डुगडुगू नये म्हणून.

क्विरिन बाक खाली ठेवून पुढे आला. "काय रे डोरेस, साहेब उंबरठा विसरले वाटतं?"

"कमानीच्या मधली फळी आहे," डोरेस म्हणाला. तो उभा राहिला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण चौकभर पोचला. "आणि ऐक. पाचरी मी काढल्या. बायकांच्या बाजूच्या शेवटच्या ओळीला घाई झाली, ती मी केली. बायको आत आली तेव्हा सगळं लाकूड सुटलेलं होतं. भेगेला काही कारण असेल तर ते माझ्या हातात आहे, तिच्या पायात नाही. परवा तुझ्याकडे मी हसलो. हसायला नको होतं."

क्विरिनने नाक चोळलं. "हे फ्लेकेनसाहेबांना माहीत आहे?"

"काल संध्याकाळी जाऊन सांगून आलो."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. ब्राखवायलरचं नंतर बघू म्हणाले."

"आणि बिशपला?"

"तू सांग. उद्या बिअर ओतताना."

एक-दोघी हसल्या. नेट्टाबाई हसल्या नाहीत. त्यांनी बादली खाली ठेवली, एप्रनच्या खिशातून काडेपेटी काढली आणि माझी मेणबत्ती पेटवून दिली. हाताने वारा अडवत त्या तिथेच उभ्या राहिल्या. "गुडघे टेक आता," त्या मला म्हणाल्या. "माझी काड्यांची पेटी काय दिवसभर पुरणार नाही."

मी फळीवर गुडघे टेकले. गाठ बरोबर उजव्या गुडघ्याखाली आली, टोचत होती. फादरांनी लॅटिन म्हटलं, पट्ट्याचं टोक माझ्या हातात दिलं, आणि मी उठून त्यांच्यामागे आत निघाले. मागे सासूबाई, आणि सासूबाईंच्या शालीत ओडिलिया.

टेकूंचं रान गेलं होतं. आत नुसता उजेड होता, उभ्या खिडक्यांतून आलेला, आणि वर लाकडाच्या रेघांचं सिमेंट. खांब नाही, कोपरा नाही. इतकं मोकळं, की अंगावर काही नसल्यासारखं वाटलं. अर्ध्यावर पोचलो तेव्हा ओडिलियाने डोळे उघडले आणि किंचाळली. साधं रडणं नव्हतं ते. तो आवाज एका बाजूने वर चढला, कमानीच्या माथ्यावरून गेला, दुसऱ्या बाजूने खाली आला आणि पुन्हा वर गेला. तिलाही तो ऐकू आला असावा, कारण मग ती त्या आवाजावर ओरडली.

आणि आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. फादरांनी, सासूबाईंनी, दारात गोळा झालेल्या बायकांनी, क्विरिनने, डोरेसने. पट्ट्यांकडे. एवढ्याशा गळ्याने प्लॅस्टर तडकत नाही हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही.

पट्ट्या होत्या तशाच होत्या.

"चला," फादर म्हणाले, आणि आम्ही वेदीपर्यंत गेलो.

बाहेर येताना मी फळी ओलांडली. डोरेसने ती उचलली, खांद्यावर घेतली आणि ढिगाकडे नेली. त्याच्या मानेवर सिमेंटची धूळ होती. मी ती पुसली नाही, पण घरी आल्यावर विचारलं, "पट्टी?" तो हसला. "तूच पाहिलीस की."

रविवारी बिशप आले, चर्च पवित्र झालं, मी बायकांच्या बाजूला बसले होते, भेगेखालीच, कारण तिथे जागा रिकामी होती. सर्वांत वरच्या पट्टीत आता केसाएवढी रेघ दिसते. बाकीच्या अखंड आहेत. इंजिनीयर म्हणतो उन्हाने आणि थंडीने सिमेंट एवढं हलणारच, त्याला हलू द्या. ब्राखवायलरहून अजून काही कळलेलं नाही. डोरेस म्हणतो कळेल. सासूबाईंनी कौल पेटीत परत ठेवलं नाही, दारामागे खिळ्याला अडकवलंय. कशाला, ते विचारलं नाही मी.

मिस्सा चालू असताना मी अजूनही वर बघते. ओडिलिया मांडीवर असते, तिच्या टाळूवर माझा तळवा. पलीकडे पुरुषांच्या बाजूला डोरेस बसतो, तो वर बघत नाही. त्याचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे असतं, आणि मी मान खाली घेतली की मगच तो वेदीकडे वळतो.

ओडिलिया उठली. जाते.